नोंद एकशे अठरा

४ मार्च

मामा,

पाया पडते. कागदावर पडायला बरं, कंबर दुखत नाही.

तुमच्या खुर्चीत बसून लिहिते आहे. तुम्ही निवृत्त झालात त्याला तीन वर्षं झाली, तरी छापखान्यात सगळे हिला 'मामांची खुर्ची'च म्हणतात आणि मला 'मामांची भाची'. पानं मी लावते हे कुणाच्या गावीही नाही. फोनच केला असता, पण छपाईयंत्रांनी तुमचे कान खाल्ले, आणि मामी मधे निरोप सांगायला उभी राहिली की दोन वाक्यांची बारा होतात.

विषय असा. मुलांच्या दवाखान्याची औषधमात्रेची पुस्तिका नऊ वर्षांनी पुन्हा निघते आहे. तुम्हीच लावलेली, एकशे चौऱ्याहत्तर नोंदींची: औषधाचं नाव, मुलाचं वजन, किती द्यायचं. त्यातल्या तीस नोंदी बदलायच्यात, बाकीच्या तशाच. दवाखान्याच्या डॉक्टरीणबाई स्वतः आल्या होत्या. म्हणाल्या, "लांबच्या केंद्रांत डॉक्टर नसतो. परिचारिका पुस्तिका उघडते, आकडा बघते आणि देते. विचारणार कुणाला? तुमच्याकडची चूक आमच्याकडे मूल होऊन येते." 

काल तुमची फाइल उघडली. मामा, ओळींना रूप द्यायच्या त्रेचाळीस स्टाईल्स! 'मजकूर', 'मजकूर-नवा', 'मजकूर-खरा', 'मजकूर-खरा-शेवटचा' आणि त्याच्याखाली 'हाच वापर'. आणि जिथे बघावं तिथे स्टाईलच्या नावापुढे अधिकचं चिन्ह, म्हणजे वरून कुणीतरी हाताने काहीतरी केलेलं. तुम्ही त्याला ठिगळ म्हणायचात आणि आम्ही एक ठिगळ लावलं तर दिवसभर ऐकवायचात. ही ठिगळं कुणाची हो?

मी नवं टेम्प्लेट, कोरा साचाच, करायचं म्हणते. अकरा स्टाईल्स, सगळ्या एका मूळ स्टाईलवर उभ्या. मालकांनी तीन आठवडे दिलेत. तुमच्या फाइलीत कुठे खाचखळगा असेल तर आत्ताच सांगून ठेवा.

तुमची
ठकू


८ मार्च

ठकूबाईस मामाचा आशीर्वाद. फुकटचा आहे, ठेवून घे.

त्रेचाळीस स्टाईल्सना हसलीस. हस बाई. वीस वर्षं शिशाचे खिळे जुळवलेल्या माणसापुढे एके दिवशी संगणक ठेवला आणि 'आता यावर' म्हणाले, तेव्हा शिकवायला माझा मामा नव्हता. चाचपडत शिकलो. तुला मात्र पहिल्याच दिवशी सांगितलं होतं: ओळीला नाव द्यायचं. तू मथळा, तू मजकूर, तू इशारा. मग मथळ्यांचा आकार एकदा बदलला की चारशे मथळे निमूट बदलतात. नाव न देता हाताने रंग देणारा, आकार वाढवणारा माणूस पुढच्याच्या पायाखाली साल टाकून जातो. हे मी आजही म्हणेन.

पण या पुस्तिकेपुरतं माझं ऐक. आहे त्या फाइलीतच नव्या तीस नोंदी बसव आणि मोकळी हो. आपल्या छापखान्याची रीत तुला ठाऊक आहे. डॉक्टरांची सही झालेलं पान पुन्हा उघडत नाहीत, मुद्रितशोधकही ते वाचत नाही. सहीचं पान म्हणजे झाकलेली मूठ. चालत्या गाडीला खीळ कशाला घालतेस? नऊ वर्षं ती पुस्तिका बिनबोभाट चालली.

खाचखळगा म्हणशील तर तसं काही नाही. जुन्या फाइली माणसांसारख्याच असतात, फार खोदून विचारू नये.

मामी म्हणते, वेळेवर जेवत जा. शेजारणीला रोज सांगत असते की आमच्या ह्यांच्या हातून चाळीस वर्षांत एक काना चुकला नाही. मी ऐकू येत नसल्याचा फायदा घेतो.

मामा


२५ मार्च

मामा,

रागावणार असलात तर आधी पाणी प्या. मी तुमचं ऐकलं नाही.

ऐकणार होते. दोन दिवस जुन्या फाइलीशी झटापट केली. एका नोंदीचा आकार बदलला की दुसरीकडे इशाऱ्याची ओळ भलतीच मोठी व्हायची. शेवटी मालकांना सांगितलं आणि नवं टेम्प्लेट केलं. तुमचा सगळा मजकूर त्यात ओतला, प्रत्येक ओळीला तिचं नाव दिलं, आणि मग ते बटण दाबलं: हाताने केलेलं सगळं काढा. मामा, दोनशे पानांतली ठिगळं डोळ्याची पापणी लवायच्या आत गेली. ठळक तेवढं ठळक, इशारा तेवढा लाल, बाकी सगळं काळं, एकसारखं. तुमच्याच शिकवणीचं पुस्तक झालं. मला तर रडूच आलं.

आणि एक गंमत. जुन्या पुस्तिकेत एकशे सतरानंतर एकदम एकशे एकोणीस होता, आठवतं? मला वाटायचं मोजताना तुमची डुलकी लागली असणार. आता क्रम टेम्प्लेट लावतं, त्यामुळे ती खोट आपोआप भरून निघाली. एक ते एकशे चौऱ्याहत्तर, सलग. मी मालकांना मुद्दाम दाखवलं. ते म्हणाले, "मामांना कळव, भाची पुढे गेली."

मुद्रितशोधक बाईंनी नव्या तीस नोंदी तीनदा वाचल्या. डॉक्टरीणबाईंनी त्यांवर सह्या केल्या. बाकीची पानं रीतीप्रमाणे कुणी उघडली नाहीत. छपाई झाली, तीन हजार प्रती बांधणीखात्यात आहेत. दोनचार दिवसांत गाडी भरेल.

तर आता सांगा, कोण जिंकलं?

तुमची
ठकू


२८ मार्च

ठकू,

पत्र आत्ताच मिळालं. काम छान झालं असणार, त्यात शंका नाही.

फक्त एकशे अठरावी नोंद एकदा बघून घे. फाइल जुनी आहे, मजकूर इकडून तिकडे नेताना कधीकधी भलतंच काही उगवतं. तसं काही दिसलं तर गाडी भरण्याआधी मालकांना न सांगता ती पानं बदलून घेता येतील का ते बांधणीवाल्यांना विचार. ते माझ्या ओळखीचे आहेत, माझं नाव सांग.

सवडीने नको, पत्र मिळाल्याबरोबर बघ. आणि काय ते लगेच लिही.

मामा


२ एप्रिल

मामा,

तुमचं पत्र एकतीस तारखेला सकाळी मिळालं. गाडी एकोणतीसला दुपारी गेली.

'एकदा बघून घे' लिहिलंत. घराला आग लागल्यावर माणूस 'सवड काढून धूर बघ' म्हणतो का हो?

मी नमुना प्रत उघडली. एकशे अठरा: झटके थांबवणारं औषध, बारा किलोच्या आतली मुलं, आणि पुढे आकडा. मला त्या आकड्यातलं काय कळतंय? मी पंधरा दिवसांपूर्वी ११८ हा क्रमांक बघून खूश झाले होते आणि त्याच्यापुढची ओळ वाचली नव्हती. डॉक्टरीणबाईंना फोनवर वाचून दाखवली. त्यांनी ती पुन्हा वाचायला लावली. मग म्हणाल्या, "ही मात्रा आम्ही नऊ वर्षांपूर्वी काढून टाकली. हिने लहान मुलांचा श्वास मंदावतो. परत कुणी घातली?" आणि मग, मामा, त्या म्हणाल्या की कालच एका केंद्रातून दोन वर्षांची मुलगी आणली आहे, श्वास नीट चालत नाही, कारण सापडत नव्हतं. आता सापडलं.

मुलगी यंत्रावर आहे, आज चौथा दिवस. मी काल दवाखान्यात जाऊन आले. काचेतून बघितलं. बाप बाहेर बाकावर बसला होता. त्याने मला विचारलं, "तुमचं पण कोण आहे का आत?" मी नाही म्हणाले आणि जिना उतरले. छापखान्यातून आले हे सांगायची माझी छाती झाली नाही.

सगळ्या प्रती परत मागवल्यात. मालक स्वतः गाडी घेऊन केंद्राकेंद्रांत फिरताहेत. मला पानं लावण्यावरून उठवलंय, झेरॉक्सच्या खिडकीत बसते. मालकांनी विचारलं, "हे आलं कुठून?" मी म्हणाले, "माझ्या हातून झालं." तुमचं नाव घेतलं नाही. उपकार म्हणून नव्हे. तोंडातून निघेना.

कारण तोवर मी तुमची जुनी फाइल उघडली होती. एकशे अठरा तिच्यात होती. होती, फक्त पांढरी. पांढऱ्या कागदावर पांढरी अक्षरं. ठिगळ काढलं आणि ती काळी झाली. लोका सांगे ब्रह्मज्ञान, मामा!

आणि तेही मी गिळलं असतं. पण अठ्ठावीस तारखेला तुम्हाला कळलं होतं. तुमच्या पत्रात दिसतंय की कळलं होतं. त्या दिवशी तीन हजार प्रती आमच्याकडेच होत्या. मामीला सांगितलं असतं तर दोन मिनिटांत फोन झाला असता. तुम्ही टपाल केलंत. तीन दिवस तुमची अब्रू टपालात फिरत होती आणि ती मुलगी...

आणखी काही लिहिवत नाही. एकच विचारते. मालकांनी आधीच ठरवलंय की जुन्या सगळ्या पुस्तकांच्या नव्या आवृत्त्या माझ्या टेम्प्लेटने काढायच्यात. अशा आणखी किती ओळी आहेत?

ठकू


६ एप्रिल

ठकू,

तुझं पत्र काल दुपारी आलं. उभ्यानेच वाचलं.

आधी तुला उत्तर देतो, मग तू पुढे वाचलं नाहीस तरी चालेल. आणखी पाच आहेत. वेगळ्या कागदावर यादी जोडली आहे: पुस्तक, पान, ओळ. बघायला फाइल लागली नाही. इतकी वर्षं रोज मोजतो आहे.

त्या दिवशी काय झालं ते सांगतो. छपाईच्या प्लेटा दुपारी जायच्या होत्या आणि अकरा वाजता दवाखान्याची चिठ्ठी आली: एकशे अठरा काढा. नोंद काढली असती तर खालचे सगळे क्रमांक एकेकाने वर सरकले असते. पाठीमागची सूची क्रमांकांवर होती, आणि 'याच्यासोबत देऊ नये, नोंद १४० पाहा' असे संदर्भ पुस्तकभर हाताने टाकलेले. दोन दिवसांचं काम. शिपाई दारात उभा होता. मी ती ओळ निवडली आणि पांढरी केली. क्रमांक हलले नाहीत, छापताना ओळ दिसली नाही. दहा सेकंद लागली असतील. उद्या नीट करीन म्हणालो. मग उद्या दुसरं पुस्तक आलं. एकदा निभावलं म्हणून पुढे आणखी पाचदा केलं. तुला ठिगळावरून ओरडायचो ना, ते तुला कमी आणि मला जास्त होतं. पण ओरडून ठिगळ निघत नाही.

तुझं पहिलं पत्र आलं तेव्हाच सांगायला हवं होतं. लिहायला बसलो आणि उपदेश लिहून मोकळा झालो.

आता अठ्ठावीस तारीख. तू जे लिहिलंस ते खरं आहे. फोन माझ्यापासून हातभर अंतरावर होता आणि मामी फोनपाशीच गवार निवडत बसली होती. तिला सांगायचं म्हणजे तोंडाने बोलायचं. चाळीस वर्षं जिने माझा हात बिनचूक आहे असं जगाला सांगितलं, तिला. मी हिशेब केला की पत्र जाईल, तू बघशील, गुपचूप निस्तरशील आणि कुणाला काही कळणार नाही. मुलांचा विचार आला नाही असं म्हणणार नाही. आला. मी त्याला बाजूला सारलं. 

काल मामीला पत्र वाचायला दिलं. तिने चष्मा पुसून दोनदा वाचलं. मग मालकांना फोन लावायला सांगितला. मी बोलत होतो, ती ऐकून पुढे सांगत होती. 'ती ओळ मी पांढरी केली' हे वाक्य मी म्हणालो तेव्हा ती थांबली. रिसीव्हरवर हात ठेवून माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली. मग तिने ते वाक्य सांगितलं, एकही शब्द कमी न करता. बाराची दोन वाक्यं झाली ठकू, तुझ्या मामीने आयुष्यात पहिल्यांदा आटोपशीर निरोप दिला. त्यानंतर डॉक्टरीणबाईंनाही तिनेच सांगितलं. काल रात्री ती जेवली नाही. माझ्याशी बोललेली नाही.

मुलगी कशी आहे? पत्र नको. मामीला फोन कर.

मामा


१९ एप्रिल

मामा,

मामीने सांगितलं असेलच, तरी माझ्या हाताने लिहिते. मुलीचं यंत्र सात तारखेला निघालं. बारा तारखेला ती घरी गेली, बापाचं बोट धरून, आपल्या पायांनी. डॉक्टरीणबाई म्हणतात की जे झालं ते भरून येईल. त्या दिवशी मी त्या बापाला गाठून मी कोण ते सांगितलं. तो पुष्कळ बोलला. मी ऐकून घेतलं. तेवढं माझं देणं होतंच.

तुमच्या फोननंतर मालकांनी मला वर बोलावलं. म्हणाले, "मामांनी सांगितलं म्हणून कळलं. तू का नाही बोललीस?"  सोमवारपासून खुर्ची परत माझी, असं म्हणाले. सहीचं पान न उघडण्याची रीतही त्यांनी मोडून टाकली. यापुढे पुस्तक नव्याने लावलं की पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचायचं, सही असो नसो. मुद्रितशोधक बाईंनी कपाळाला हात लावला, पण लगेच कामाला लागल्या.

आम्ही दोघींनी मिळून आठवडाभर सगळ्या जुन्या फाइली धुंडाळल्या. सॉफ्टवेअरमध्ये कागदाच्या रंगाची अक्षरं शोधायची सोय आहे. तुमच्या यादीतल्या पाचही सापडल्या. पान, ओळ, सगळं जिथल्या तिथे. बाई म्हणाल्या, "याला स्मरणशक्ती म्हणायची की शिक्षा?"

आणि काल, बाई घरी गेल्यावर, सहावी सापडली.

शाळेच्या प्रयोगशाळेची पुस्तिका. आम्लाचा एक प्रयोग, चार ओळी, पांढऱ्या. या जूनमध्ये तिची नवी आवृत्ती निघायची आहे, याच टेम्प्लेटने. तुमच्या यादीत ती नव्हती. माझं डोकं पुन्हा भडकलं. अजूनही लपवताहेत, म्हटलं, मामीला तोंडघशी पाडून वर लपवताहेत! तुम्हाला काय काय लिहायचं ते मनात जुळवत होते आणि एकीकडे फाइलीची तारीख बघितली.

दोन वर्षांपूर्वीची. तुम्ही निवृत्त झाल्यानंतरची.

मग हळूहळू आठवलं. लेखकांनी शेवटच्या दिवशी तो प्रयोग धोक्याचा म्हणून रद्द केला होता. खालच्या आकृत्यांचे क्रमांक बदलले असते. मी खुर्चीत नवीन होते, मालक दोनदा डोकावून गेले होते. मी ओळी निवडल्या आणि पांढऱ्या केल्या. मला कुणी शिकवलं नव्हतं, तुम्हाला करताना बघितलंही नव्हतं. माझं मलाच सुचलं, आणि सुचलं म्हणून स्वतःचं कौतुकही वाटलं होतं.

तुम्ही तुमच्या सहाच्या सहा ओळी इतकी वर्षं मोजत राहिलात. माझी एकच होती आणि मी ती साफ विसरले होते. तुम्हाला त्या दिवशी जे जे लिहिलं ते विसरूनच लिहिलं. त्यातला एक शब्दही मागे घेत नाही, फक्त तो आता मलाही लागू आहे.

हे कुणालाही ठाऊक नाही. आत्ता चार ओळी नीट काढून टाकल्या, आकृत्यांना नवे क्रमांक दिले तर कधीच कळणार नाही. सोमवारी खुर्ची मिळेल. रात्रभर हाच विचार केला, आता तुमच्यापासून कशाला लपवू.

मालक वर आहेत, दिवा दिसतो आहे. टपालपेटी जिन्याच्या खालीच आहे. हे पत्र आधी पेटीत टाकते आणि मग वर जाते. एकदा ते तुमच्याकडे निघालं की मला जिन्यावरून परत फिरता येणार नाही.

तुमची
ठकू